हाकेआधीची ओ

“दुपारची आतून कडी लावत जाऊ नको, पोरी.”

पंचफुलाकाकू हे सांगायला आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना कणीक तशीच होती. वाघझरीच्या वन वसाहतीत राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. दोन महिन्यांच्या रेवाला खांद्यावर घेऊन मी दारात उभी होते. काकू पायरीखालीच थांबल्या होत्या, कारण मी त्यांना ‘आत या’ म्हटलं नव्हतं.

“अहो काकू, मागे जंगल आहे,” मी म्हणाले. “बिबट्या आहे, साप आहेत. रोपवाटिकेमागच्या वारुळात चांदी अस्वल आहे, असं पराग सांगत होता.”

“मसण्या म्हण. चांदीबिंदी तुमच्या साहेबलोकायची भाषा.”

“मसण्या तर मसण्या. मग कडी नको लावू?”

“जनावर काय दारावर टकटक करून येते? रात्री लाव ना, खुशाल लाव. दिवसा कशाले? इथं कोणीच नाही लावत.” त्यांनी कणकेचा हात पदराआड धरला. “आन दुपारी चूल आवरली का मी परात वाजवतो. तीनदा. मंग सगळ्याजणी आपापल्या घरून वाजवतेत. तू बी वाजवायची. वाजली म्हणजे समजलं, बरोबर हाये. नाही वाजली तर मी येतो पाहाले.”

“बिबट्यासाठी?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग रेवाकडे. “समज बिबट्यासाठीच,” असं म्हणून त्या वळल्या.

त्या अंगण ओलांडायच्या आत मी कडी लावली होती.

वसाहत म्हणजे काय, एका ओळीतली पाच क्वार्टरं. पहिलं काकूंचं, त्यांचे यजमान मोहुर्लेकाका वनपाल होते. शेवटचं आमचं. त्याच्यापुढे सागाची रोपवाटिका, तिची विहीर, आणि विहिरीपलीकडे टणटणीच्या झुडपांत ते जुनं वारूळ. पराग, माझा नवरा, लहान मांसाहारी प्राण्यांच्या अभ्यासाच्या प्रकल्पावर होता. वाघ मोजायला सगळे जातात, याला मात्र मुंगूस, उदमांजर आणि चांदी अस्वल यांचं वेड. वाघझरीला आम्ही आलो ते या चांदी अस्वलासाठीच, म्हणजे हनी बॅजरसाठी; अस्वल ते नावापुरतंच. मादी होती, आणि तिला पिल्लू झालं होतं. “आपल्याकडे कोणी हे नीट पाहिलेलंच नाही, गौतमी,” तो म्हणाला होता. त्याच्या आवाजात इतका आनंद होता की ‘आपल्यालाही आत्ताच बाळ झालंय’ हे मी बोलले नाही.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. डोळ्यांना दिसत नाही तेच जास्त धोक्याचं, हे पदवीच्या पहिल्या वर्षापासून डोक्यात बसलेलं. रेवा झाल्यावर तो अभ्यास घरात उतरला. पाणी उकळायचं, गाळायचं, परत उकळायचं. लंगोट धुऊन, वाळवून वर इस्त्री. मालिश करायला काकूंनी एक बाई पाठवली होती, शांताबाई. पहिल्याच दिवशी मी तिला नखं दाखवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही आणि मला हायसं वाटलं.

संध्याकाळी पराग जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांतली कार्डं घेऊन यायचा. लॅपटॉप ओट्यावर ठेवून आम्ही दोघं चित्रफिती पाहायचो, रेवा माझ्या मांडीवर. दिवसभरात तेवढाच वेळ मला बरं वाटायचं.

चांदी अस्वलाची ती मादी पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा मला हसूच आलं. काळ्याभोर अंगावर कोणी पांढरी शाल टाकावी तशी पाठ. गावच्या कुत्र्यापेक्षा मोठी नव्हती. कान जवळजवळ नाहीतच. नखं मात्र कुदळीसारखी. चालणं असं, की सगळा रस्ता हिच्या नावावर आहे.

“आता बघ,” पराग म्हणाला.

उजव्या बाजूने बिबट्या आला. तरणा, बहुतेक नुकताच आईपासून सुटलेला. ती थांबली. पाठीवरचे केस उभे राहिले आणि तिने आवाज काढला. गुरगुर म्हणावी तर तशी नाही. डब्यात खडे घालून कोणी जोरजोरात हलवावा तसा खडखडाट. बिबट्या अजून चांगला लांब होता.

“इतक्या लांबूनच?” मी म्हणाले.

“तेच तर. लोकांना वाटतं चिडकी आहे, भांडखोर आहे. खरं तर तिला भांडण नकोय. लांबूनच सांगतेय, परत जा.”

बिबट्या परत गेला नाही. त्याने झेप घेतली आणि तिची मान धरली. मी रेवाचे डोळे झाकले. तिला काय कळणार होतं. पण पुढच्या क्षणी ती त्याच्या जबड्यातच वळली. मान त्याच्या दातांत, आणि ती मात्र आतल्या आत फिरून त्याच्या तोंडाला चावत होती. बिबट्याने दचकून सोडली, मागे सरकला, नाक जमिनीला घासायला लागला.

“घाण सोडली तिने,” पराग खूश होऊन म्हणाला. “शेपटीखाली ग्रंथी असते. आणि कातडी पाहिलीस? जाड तर आहेच, पण सैल. पिशवीसारखी. धरणाऱ्याच्या हातात कातडीच येते, आतली ती सापडतच नाही.”

“म्हणजे तिला काही लागत नाही?”

“लागतं ना. दाखवत नाही.”

मग दुसरी फीत. ती पिल्लाला तोंडात धरून चालली होती. गुलाबी पोटाचं, आंधळं, लोंबणारं एक एवढंसं काहीतरी. “दर थोड्या दिवसांनी बीळ बदलते,” पराग सांगत होता. “एकाच जागी वास साचू देत नाही. नर जवळपाससुद्धा फिरकत नाही. सगळं हिचं हिनेच.”

“कोणावर विसंबत नाही,” मी म्हणाले.

“अजिबात नाही.”

मी ती फीत परत लावायला सांगितली.

त्यानंतर मी रेवाची जागा बदलायला लागले. आधी पलंगावर असायची. मग वाटलं, वरचा पंखा जुना आहे, म्हणून खाली. खाली विंचू येईल म्हणून टेबलावर. टेबलावरून पडेल म्हणून मोठ्या टोपलीत, आणि टोपली स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. तिथे गॅस, म्हणून पुन्हा बाहेर. पराग घरी आला की हाक मारायचा, “आज बिऱ्हाड कुठे?” मीही हसायचे. आईचा फोन आला की म्हणायचे, “तू येऊ नकोस गं, इथली थंडी तुझ्या गुडघ्यांना सोसायची नाही.” सासूबाईंना म्हणायचे, “आई, इथे मदतीला माणसं आहेत.” परागला म्हणायचे, “तू जा, मी ठीक आहे.”

आणि दुपारी परात वाजायची. काकूंची तीनदा, मग दुसऱ्या क्वार्टरची, तिसऱ्याची, चौथ्याची. शेवटी माझी. मी पळी आणि परात दाराजवळच टांगून ठेवली होती. एकही दुपार चुकवली नाही. ठण, ठण, ठण. झालं. आता उद्यापर्यंत कोणी येणार नाही.

काकू तरी यायच्याच. एकदा मेथीचे लाडू घेऊन आल्या.

“उघड ना वो. म्या काय दरोडा घालाले आली?”

मी फटीएवढं दार उघडलं. “रेवा झोपलीय, काकू.”

“मंग तू बी झोप ना.”

“मला दिवसा झोप येत नाही.”

“आन रात्री?”

“रात्री तिचा श्वास बघावा लागतो.”

“लेकरू झोपलं का त्याचा श्वास त्याले घेऊ द्यावा, पोरी. तू आपला घे. आण तिले मांडीवर, मी बसतो घडीभर.”

“तिला सर्दी होईल.”

“मले सर्दी नाही.”

“काकू, प्लीज.” माझा आवाज एवढा चढला की दुसऱ्या क्वार्टरमधली बाई दोरीवरचे कपडे सोडून बघायला लागली. “मला माझ्या मुलीला कोणाच्या हातात द्यायचं नाहीये. तुम्हाला समजत कसं नाही?”

काकूंनी लाडूंचा डबा पायरीवर ठेवला. “बाप्पा, मसण्या बरा,” एवढं म्हणून त्या गेल्या. रागावून गेल्या असं तेव्हा वाटलं.

मसण्याच्या नावाची एक गोष्ट मला त्याआधीच कळली होती, ती कळली नसती तर बरं झालं असतं. त्या भागात अगदी लहान मूल गेलं तर जाळत नाहीत, पुरतात, आणि वर बोरीच्या काट्या टाकून दगड रचतात. का, तर मसण्या उकरतो. परागने हे ऐकून हात जोडले होते. “तो उंदीर उकरतो, वाळवी उकरतो, मधाची पोळी फोडतो. माणसाचं उकरताना मी तरी एकदाही पाहिलेला नाही.” काकू म्हणाल्या होत्या, “तुमी पाहिला नाही म्हणजे तो उकरत नाही का साहेब?” त्यावर दोघंही हसले होते. मी हसले नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर बोरीच्या काट्या आल्या, आणि त्या नंतर गेल्याच नाहीत. लंगोट वाळत घालताना दिसायच्या, भात उपसताना दिसायच्या.

पौषातल्या थंडीत पराग लांबच्या कॅम्पवर गेला. तिथे फोन लागत नाही. “काही लागलं तर मोहुर्लेकाकांकडे वायरलेस आहे,” तो म्हणाला. “जाऊ ना?”

“जा की. मी ठीक आहे.”

तो गेल्यावर रेवा रडायला लागली. दूध पाजलं, ओवा शेकला, मांडीवर घेतलं, पालथी टाकली, गाणी म्हटली. जरा डोळा लागायचा, आणि मी श्वास बघायला वाकले की जाग यायची. रात्र कशी गेली आठवत नाही. सकाळी मी विळीवर दुधी चिरायला बसले होते. ती समोर टोपलीत रडत होती. मी विळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

एक विचार आला. तो मी इथे लिहिणार नाही. जिला असा येऊन गेलाय तिला कळेल. जिला नाही, तिला सांगून कळायचा नाही.

मी उठले. विळी माळ्यावर टाकली. हात धुतले, परत धुतले. मागे वळले तर घरातली प्रत्येक वस्तू माझ्याकडे त्याच नजरेने बघत होती. उशी. बादली. उकळत्या पाण्याचं पातेलं. इतके दिवस मी एकेक धोका शोधून दाराबाहेर काढला होता. आता एकच उरला होता आणि तो कडीच्या आत उभा होता.

मी रेवाला पाजलं. या वेळी ती लगेच झोपली, जणू माझा बेत ठरायचीच वाट बघत होती. टोपलीच्या चारी बाजूंना पांघरुणं लावली. मग दाराची कडी काढली, कोणी आलं तर दार उघडं असावं म्हणून. आणि परात काढून वाजवली, कोणी येऊ नये म्हणून. ठण, ठण, ठण. दोन्ही गोष्टी मी एकापाठोपाठ केल्या. दोन्ही मला अगदी शहाणपणाच्या वाटल्या.

बाहेर ऊन चांगलं पडलं होतं. पायात चप्पल होती की नाही आठवत नाही. रोपवाटिकेतून वाट विहिरीपाशी जाते. मी विहिरीला वळसा घालून पुढे गेले. मग परत आले. काठावर हात ठेवून उभी राहिले. दगड उन्हाने कोमट झाला होता. पुन्हा वळसा घातला, आणि या वेळी थांबले नाही, वारुळापर्यंत गेले आणि सागाच्या रोपांच्या रिकाम्या पिशव्यांच्या ढिगावर बसले.

आधी वास आला, कुबट, डोक्यात जाणारा. मग तो खडखडाट.

ती वारुळाच्या तोंडाशी उभी होती. पडद्यावर दिसायची त्याहून लहान, आणि त्याहून म्हातारी. पाठीवरचे केस उभे. एका डोळ्याजवळ भरलेली जखम होती, बिबट्याचीच असावी. तिने परत आवाज काढला. मी हलले नाही. धैर्य वगैरे नव्हतं ते. उठायची ताकद नव्हती.

“काही करत नाही गं मी,” मी म्हणाले.

आतून बारीकसं कुंई ऐकू आलं. ती झटकन वळून आत गेली. आत माती ढकलल्याचा आवाज, मग शांत. बऱ्याच वेळाने पुन्हा बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं. केस हळूहळू खाली बसले. जमीन हुंगली, अंग झाडलं; सगळी कातडी इकडून तिकडे हलली, आतलं शरीर जणू दुसऱ्याच कोणाचं. आणि मग ती चालायला लागली. त्या तिच्या मालकीणबाईच्या चालीने, टणटणीतून, ओढ्याच्या दिशेने.

मला वाटलं, आता वळेल. ती वळली नाही.

पिल्लू आत होतं, आणि ती गेली.

“अगं,” मी मोठ्याने ओरडले. “अगं, कुठे चाललीस? ते आत आहे ना! एकटं आहे ना ते!”

“पोट भराले गेली असंल,” मागून आवाज आला. “तू काऊन बसली इथं?”

पंचफुलाकाकू. अनवाणी, पदर एका बाजूला घसरलेला, धाप लागलेली. खांद्यावर रेवा, जागी, काकूंचं मंगळसूत्र तोंडात घालून.

मी उठले. कुठून ताकद आली माहीत नाही. “द्या तिला इकडे.”

“देत नाही.”

“काकू, माझी मुलगी आहे ती!”

“मंग मी कुठं नेऊन राहिली? तुह्याजवळच आणली ना?”

“तुमचे हात तरी धुतलेत का? घरात विचारल्याशिवाय शिरलातच कशा? तुम्हाला कोणी बोलावलं होतं? चालत्या व्हा इथून. सगळ्यांना फक्त…” पुढचं मी काय काय बोलले ते आजही आठवलं की कानशिलं गरम होतात.

काकू एक पाऊलही मागे सरकल्या नाहीत. “बोल,” त्या म्हणाल्या. “आणखी बोल. मोहुर्ल्याची बायको हावो मी, मले याच्याहून जास्त ऐकाची सवय हाये.”

“परात वाजवली होती ना मी,” मी म्हणाले. आवाज बसला होता. “वाजवली होती. मग का आलात?”

“वाजवली म्हणूनच आली. मी कुठं वाजवली होती? माह्या चुलीवर आजून डाळ होती. हाक माराच्या आंधी ओ कोण देते वो?”

मी खाली बसले. काकूही समोर बसल्या, जमिनीवरच, रेवाला घेऊन. रेवाने मंगळसूत्र सोडलं आणि काकूंचं नाक धरलं.

“बिबट्यासाठी नाही वाजवत आम्ही परात,” काकू म्हणाल्या. त्या रेवाकडेच बघत होत्या. “तू राहतं त्या क्वार्टरात तुह्याआंधी गार्ड होता एक. त्याची बायको शालू. तुह्यायवढीच. लेकरू सव्वा महिन्याचं. मी रोज विचारो, शालू, कशी हायेस वो? बरी हावो काकू, म्हणे. दाराआडूनच म्हणे. कडी कायम लागलेली. मले वाटे, लाजते. मले वाटे, माणूसघाणी हाये. मंग एक दिवस लेकरू रडून राहिलं, रडून राहिलं, थांबेच ना. आम्ही गेलो. दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. कडी आतून. माणसं सगळे जंगलात. आम्ही चौघी बाया आन ते सरकारी दार. ते तुटेपर्यंत…”

त्यांनी रेवाचं दुपटं नीट केलं.

“लेकरू वाचलं,” मग म्हणाल्या. “आजीजवळ असते. शाळेत जाते आता. तवापासून परात. आन तवापासून दिवसा कडी नाही. तुले हे पहिल्याच दिवशी सांगाव म्हणलं, पण वल्या बाळंतिणीले असं कोण सांगते? म्हणलं, परात वाजते ना, मंग बरोबर हाये.” त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. “परातीनंही फसवता येते, हे तू शिकवलं मले.”

तेव्हा मी त्यांना तो विचार सांगितला. विळीचा. सगळा, जसा आला तसा. सांगून झाल्यावर मला वाटलं, आता त्या रेवाला घट्ट धरतील, उठतील, माझ्यापासून दूर जातील.

काकूंनी रेवाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. “लय दिवसाची झोपली नाही तू,” त्या म्हणाल्या. “जेवली कवा होती?”

“आठवत नाही.”

“मंग चाल. आंधी खाय. मंग मोहुर्ल्याले सांगून तुह्या नवऱ्याले बलावू, वायरलेसवर. उद्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो संगं.” आणि उठता उठता वारुळाकडे हात केला. “तिचं काय हाये, तिले शेजार नाही बिचारीले. आम्ही चौघी मेलो का?”

वाटेने परतताना काकू विहिरीच्या बाजूने चालल्या आणि मी कुंपणाच्या. घरी आल्यावर त्यांनी डाळ-भात कालवून दिला; त्यात बोट बुडवून रेवाला चाटवलंही. हात धुतले होते की नाही मी पाहिलं नाही. मग मी झोपले. काकू उंबऱ्यावर बसून होत्या, दार सताड उघडं. मधे एकदा जाग आली तेव्हा त्या कोणाला तरी सांगत होत्या, “हळू बोल वो. माय झोपली हाये.”

दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “याला नाव आहे, आणि औषधही आहे. तू वाईट आई नाहीस, तू आजारी आहेस.” परागने बाहेर येऊन गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकलं आणि तसाच उभा राहिला. आईला गुडघ्यांसकट बोलावून घेतलं. शांताबाई परत आली, स्वतःहून नखं पुढे करून म्हणाली, “पाहून घे मॅडम.” बरं व्हायला दिवस लागले. एकदम कोणी बरं होत नाही.

वारुळासमोरच्या कॅमेऱ्यात त्या सकाळची फीत होती. पराग ती पुसायला निघाला होता, मी म्हटलं थांब. पडद्यावर एक बाई पिशव्यांच्या ढिगावर बसलेली, केस पिंजारलेले. तिच्यासमोर ती दुसरी, केस उभे केलेली. नंतर बाई कोणावर तरी हात उगारून ओरडते. समोरची म्हातारी जागची हलत नाही. आवाज आम्ही बंद ठेवला होता. नुसतं पाहिलं तर बिबट्याच्या फितीसारखंच वाटतं, फक्त इथे समोरचं मागे सरकत नाही.

“ती पिल्लाला सोडून जाते,” मी परागला म्हटलं. “तू कधी सांगितलं नाहीस.”

“काय?”

“ती रोज जाते. तासन् तास.”

“जातेच ना गं,” तो गोंधळून म्हणाला. “न खाता दूध कुठून येणार? त्या फिती मी तुला दाखवल्याच नाहीत. नुसतं रिकामं बीळ. काय बघायचं त्यात, म्हटलं.”

आता आम्ही अमरावतीत असतो. रेवा शाळेत जाते, तिचा पुढचा एक दात पडलाय आणि तो जपून ठेवायला तिला डबी हवी आहे. मी अजूनही घाबरते. खोकली तरी उठून बसते. पण आता घाबरले की कोणाला तरी सांगते. दुपारी काकूंचा फोन येतो. त्या कधीही ‘कशी आहेस’ विचारत नाहीत. ‘काय खाल्लं?’ विचारतात. त्याला उत्तर द्यायला विचार करावा लागतो, आणि तेवढ्यात त्यांना कळायचं ते कळतं.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक मुलगी बाळंत होऊन आलीय. काल जिन्यात भेटली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “मी मस्त आहे ताई, एकदम मस्त.” आणि दार लावून घेतलं. हे लिहून झालं की मी वरण-भाताचा डबा घेऊन तिच्याकडे जाणार आहे.

तुमच्याही ओळखीत अशी कोणी असेल. विचारायच्या आधीच ‘ठीक आहे’ म्हणणारी, फोन लगेच उचलून लगेच ठेवणारी, हल्ली फार चिडकी झालीय असं सगळे जिच्याबद्दल म्हणतात ती. आज तिच्याकडे एकदा जाऊन या. फोन नको, जाऊनच या. आणि ती गुरगुरली, तर दारातून मागे फिरू नका.